शब्दचर्चा : ‘गेमर’ म्हणजे नेमका कोण?

गिरणाकाठ :
चाळीसगाव-भडगाव भागातल्या घरांसाठी मराठी प्रश्नावली तयार होतेय : ऑनलाइन खेळ कोण खेळतं, किती वेळ, कोणाबरोबर. पहिलाच प्रश्न ‘तुम्ही गेमर आहात का?’ असा आहे. तिथे ‘खेळाडू’ लिहावं का? आणि नूब (खेळ न जमणाऱ्याला हिणवायचा शब्द), स्मर्फ (नव्या खात्यामागे लपलेला मुरलेला गडी) यांना मराठीत काय म्हणायचं?

लळिंग :
‘खेळाडू’ नको, त्यानं कबड्डी-खोखोवाला डोळ्यापुढे येतो. शब्द ‘गेमर’च ठेवा, फक्त प्रश्नातून काढा. आपल्याकडे तो शब्द उच्चारला की पारावर मान खाली घालून बसलेला विशीच्या आतबाहेरचा पोऱ्या समोर येतो आणि पाठोपाठ ‘काय करी ऱ्हायना रे भो दिवसभर?’ हा टोमणा. वय, लिंग आणि रिकामटेकडेपणाचा शिक्का, तिन्ही एकाच शब्दात. दुपारी मोबाइलवर लुडो खेळणाऱ्या काकू त्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणार. रमीवाले आप्पाही ‘नाही’च म्हणणार, त्यांचं कारण वेगळं.

असं विचारा : ‘गेल्या ७ दिवसांत मोबाइल, टीव्ही किंवा संगणकावर कोणकोणते खेळ खेळलात?’ मग नावं वाचून दाखवा : लुडो, कॅरम, कँडी क्रश, फ्री फायर, बीजीएमआय. नुसतं ‘गेम’ म्हटलं तर लोक बंदुकीचाच धरतात.

सारंगखेडा :
नावांच्या रकान्यात एक घोळ होतो. मूळ पब्जी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये त्याचीच भारतासाठीची आवृत्ती, बीजीएमआय, आली, तरी लोक अजून ‘पब्जी’च म्हणतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर बंद झाला, तेव्हा पोरं फ्री फायर मॅक्सवर गेली. तोंडात नाव जुनंच. उत्तर आहे तसं लिहून घ्या, खऱ्या खेळाशी जोडणी नंतर करा.

तासांचंही तसंच. एव्हरक्वेस्ट २ हा ऑनलाइन खेळ खेळणाऱ्या सुमारे ७,००० जणांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लोकांचं सांगणं आणि खेळाच्या सर्व्हरवरच्या नोंदी शेजारी ठेवता आल्या. सरासरी वय निघालं ३१. बायका संख्येनं कमी, पण आठवड्याला साधारण २९ तास खेळणाऱ्या, पुरुष २५. वर खरे तास कमी सांगण्यातही बायकाच पुढे. म्हणून वेळ तोंडी विचारू नका. सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ उघडून ॲपवार मिनिटं बघू देता का, असं विचारा. नाही म्हणाले तर रकाना कोरा सोडा, अंदाज भरू नका.

केळीबाग :
पण नाना, तो आकडा फोनचा असतो, माणसाचा नाही. घरात एक फोन, त्यावर तिघांचे हात, खातं एकच आणि जन्मतारीख मोठ्या भावाची. पडद्यावरच्या पात्रावरूनही काही ठरवू नका. मुलगे बाईचं पात्र बिनधास्त घेतात, आणि बऱ्याच मुली नाव पुरुषाचं ठेवून माइक बंद करतात, कारण आवाज ऐकू आला की शिव्या नाहीतर फ्रेंड रिक्वेस्ट सुरू. मग खेळातल्या चौघांच्या संघातले बाकीचे तिघे भिडू खुशाल म्हणतात की मुली खेळतच नाहीत! फोनमागे एक नव्हे, माणसामागे एक फॉर्म भरा.

कळण्याची भाकरी :
शब्दांकडे येऊ. नूबला ‘कच्चा लिंबू’ सुचवतात, ते चुकीचं आहे. कच्चा लिंबू बाद होत नाही, त्याला सांभाळून घेतात. नूबला कोणी सांभाळत नाही, त्याला हिणवतात. ‘नवखा’ही नको, कारण दोन वर्षं खेळणाऱ्यालाही नूब म्हणतात. ‘ढ’ जवळ जातो.

स्मर्फ म्हणजे ‘तोतया’ नव्हे. तोतया दुसऱ्या कोणाचं तरी सोंग घेतो. इथे मुरलेला गडी नवं खातं काढून नवख्यांत घुसतो आणि त्यांना झोडपतो. १९९६ च्या सुमारास वॉरक्राफ्ट २ या संगणकावरच्या खेळातल्या दोन तरबेज खेळणाऱ्यांनी ओळख लपवायला स्मर्फ कार्टूनमधली नावं घेतली, तिथून हा शब्द आला. मराठीत एका शब्दात बसत नाही, ‘स्मर्फ’च लिहा.

हरायला लागल्यावर चिडून बाहेर पडणं म्हणजे ‘डाव मोडणं’. ‘रडीचा डाव’ वेगळा, त्यात माणूस खेळत राहतो आणि लबाडी करतो.

लळिंग :
गावाकडच्या पोरांना सरसकट नूब ठरवतात, त्यात टॉवरचा हात मोठा. पिंग, म्हणजे फोनवरून सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, ४०-५० मिलिसेकंद असेल तर खेळ सुरळीत चालतो. संध्याकाळी सगळं गाव नेटवर आलं आणि पिंग २०० वर गेला की आपल्या पडद्यावर गोळी बरोबर बसलेली दिसते, पण सर्व्हरच्या हिशोबात समोरचा तिथून हललेला असतो. ‘संध्याकाळी खेळ अडकतो का?’ हा प्रश्न घाला.

गिरणाकाठ :
‘व्यसनी’ हा रकाना?

सारंगखेडा :
काढून टाका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, पण खेळण्यावर ताबा नसणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं, नुकसान दिसूनही चालू ठेवणं आणि हे साधारण १२ महिने टिकणं, एवढं बघावं लागतं. दारात उभं राहून ते ठरत नाही.

आणि रमी सगळ्यात शेवटी, एकट्याला गाठून विचारा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्यानं बंदी आहे. घरच्यांसमोर आप्पा पत्त्यांचं नावही काढणार नाहीत.