मदत हवी आहे: मराठी आकडे टाकले की इफची अट चुकते

कापूस वेचणीच्या हिशेबाचं पान जावास्क्रिप्टमध्ये केलंय. फॉर लूप (तेच काम एकेकीसाठी पुन्हा करणारा भाग) १२ बायांच्या वजनांवरून फिरतो. २० किलोच्या वर जादा दर, नाहीतर साधा. रकान्यातलं वजन मजकूर म्हणून येतं, एकूण ० पासून सुरू केलं की १८ आणि २२ ची बेरीज ०१८२२ अशी चिकटायची, म्हणून मजकुराचा आकडा करणारं नंबर फंक्शन लावलं.

आता अडचण मराठी कीबोर्डची. २६ देवनागरीत टाकले की नंबर नॅन (NaN, म्हणजे 'हा आकडा नाही') देतं. नॅन २० पेक्षा मोठं आहे का, याचं उत्तर कायम खोटं, त्यामुळे एल्स (इफची अट खोटी ठरली की चालणारा भाग) गुपचूप साधा दर लावतं. एरर काहीच दिसत नाही आणि बाईची मजुरी मात्र बुडते.

प्रत्येक देवनागरी अंकाच्या युनिकोड क्रमांकातून (संगणकातला त्या अक्षराचा क्रमांक) २४०६ वजा केले की साधा अंक मिळतो, हे माहीत आहे. ते लूपआधी करावं की आत? तरीही नॅन आलंच तर तो रकाना लाल दाखवून कन्टिन्यूने फक्त ती बाई वगळून पुढे जाणं बरं का? ब्रेकने तर लूपच थांबतो आणि पुढच्या सगळ्या बाया सुटतात.