इन्कमटॅक्सचा रिफंड मेल: खरा का बनावट?

इतवारी_हिशेब: दुकानाच्या जीमेलवर ‘रिफंड मंजूर, २४ तासांत खातं पडताळा’ असा मेल आला आहे. लोगो बरोबर, भाषा शुद्ध, सोबत एचटीएमएल फाइल. पत्त्याचा शेवट ‘इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन डॉट रिफंड-डेस्क डॉट कॉम’. उघडू का?

बुटीबोरी_आयटी: नका उघडू भाऊ. पत्ता उजवीकडून वाचा. शेवटी ‘रिफंड-डेस्क डॉट कॉम’ आहे ना, ते खरं डोमेन, तोच खरा मालक. त्याच्या डावीकडे तो काहीही लिहू शकतो. एचटीएमएल फाइल म्हणजे लॉगिनचं खोटं पान, तुमच्याच कॉम्प्युटरवर उघडणारं. म्हणून ब्राउझरमध्ये वर वेबसाइटचा पत्ताच दिसत नाही.

पत्ता बरोबर दिसला तरी पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता खोटा टाकता येतो. कॉम्प्युटरवर मेल उघडून तीन टिंबं, मग ‘शो ओरिजिनल’. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या मेल खरंच त्या डोमेनचा आहे का हे तपासणाऱ्या तीन चाचण्या. त्यांच्यापुढे ‘पास’ आहे का बघा. ‘फेल’ असेल तर हात लावू नका. पण ‘पास’ म्हणजे मेल त्या डोमेनवरून आला, एवढंच. ठगानं स्वतःचं डोमेन नीट बसवलं असेल तर त्यालाही तिन्ही पास मिळतात.

धंतोली_सीए: रिफंड हा इन्कमटॅक्सच्या ई-फायलिंग पोर्टलवर आधी व्हॅलिडेट केलेल्या खात्यातच जमा होतो, मेलमधल्या लिंकवर खातं भरायचा प्रश्नच नाही. नोटीस आली असं वाटलं तर ई-फायलिंग पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करा. तिथं ‘ऑथेंटिकेट नोटीस’मध्ये डीआयएन, म्हणजे नोटिशीवरचा ओळख क्रमांक, लॉगिन न करता तपासता येतो.

गांधीबाग_होलसेल: व्यापाऱ्यांना याहून मोठा धोका वेगळाच. सप्लायरचा मेलबॉक्सच हॅक होतो आणि जुन्याच बिलाच्या मेल-थ्रेडमध्ये ‘आमचं खातं बदललं’ असं उत्तर येतं. इथं पत्ता खरा, तिन्ही पास, तपासून काही सापडत नाही. आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करा, मेलमधल्या नव्हे, आणि मगच आरटीजीएस.

इतवारी_हिशेब: पोरानं फाइल उघडून पासवर्ड टाकलाच असेल तर?

बुटीबोरी_आयटी: दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदला, सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी) चालू करा. मग जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर्स’ पाहा. तिथं ठगानं नियम टाकून ठेवला तर पासवर्ड बदलूनही तुमचे मेल त्याच्याकडे जात राहतात. हे बहुतेक जण विसरतात. पैसे गेले असतील तर हे सगळं नंतर, आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा.