गोळ्यांच्या बिलांवरून मधुमेह-बीपीचे रुग्ण मोजता येतात का?

हडपसरकर: हडपसरला ट्रस्टचा दवाखाना आहे. केसपेपरवर निदान क्वचितच लिहिलेलं असतं, पण आमच्या मेडिकलच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन वर्षांची बिलं आहेत: रुग्ण क्रमांक, ब्रँड, गोळ्यांची संख्या, तारीख. यावरून मधुमेह, बीपी, थायरॉइड, दम्याचे रुग्ण काढायचे आहेत. मेटफॉर्मिन घेणारे सगळे मधुमेही धरले तर चालेल का?

बिलवही: आधी ब्रँडवरून घटकांचा तक्ता करा, बराचसा वेळ यातच जाईल. ब्रँडमागचं 'एएम' म्हणजे बहुधा अ‍ॅम्लोडिपिन, 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड. नावं साफ करताना ही शेपटी छाटली तर एक औषधच गायब होतं. एका ब्रँडला जितके घटक तितक्या ओळी ठेवा आणि शेवटी रुग्ण क्रमांक मोजा, ओळी नाही. मग जागतिक आरोग्य संघटनेचे एटीसी कोड (औषधांच्या वर्गीकरणाचे कोड) लावा: मधुमेह ए१०, दमा-सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार, बहुधा धूम्रपानामुळे) आर०३, थायरॉइड एच०३. बीपीची औषधं सी०२, सी०३, सी०७, सी०८, सी०९ अशी विखुरलेली आहेत.

एका खरेदीवरून आजार ठरवू नका. वर्षभरात किमान दोन खरेद्या आणि त्यांत ९० दिवसांचं अंतर, हा नियम ठेवा. गोळ्या किती दिवस पुरल्या हे डीडीडीवरून (औषधाचा मोजणीसाठी ठरवलेला सरासरी रोजचा डोस) काढायला जाऊ नका. मेटफॉर्मिनचा डीडीडी २ ग्रॅम आहे, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ३० गोळ्या साडेसात दिवसांच्या ठरतात. सकाळ-संध्याकाळ एक घेणाऱ्याला त्या १५ दिवस जातात.

कोथरूडची डॉक्टर: नुसतं मेटफॉर्मिन धरू नका, ते पीसीओएसमध्येही (बायकांच्या बीजाशयाशी आणि संप्रेरकांशी संबंधित त्रास) देतात. १५ ते ४५ वयाच्या ज्या बायका फक्त मेटफॉर्मिनवर आहेत, त्यांचा गट वेगळा ठेवा. डॅपाग्लिफ्लोझिनचा कोड ए१० मधलाच, पण ते मधुमेह नसताना हार्ट फेल्युअर आणि किडनीच्या आजारातही दिलं जातं. प्रोप्रॅनोलॉल मायग्रेनला आणि हात थरथरण्यालाही चालतं, एकटं असेल तर बीपीत धरू नका. एच०३ अख्खा उचललात तर थायरॉक्सिन (थायरॉइड कमी असताना) आणि कार्बिमाझोल (जास्त असताना) एकत्र येतील आणि दोन उलट आजारांची बेरीज होईल. साल्ब्युटामॉल साध्या खोकल्यातही लिहितात. दम्यासाठी श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड पुन्हा पुन्हा घेतलंय का ते बघा, आणि वयस्कर सिगारेट ओढणाऱ्यांत सीओपीडी मिसळलेला असणार हे धरून चाला.

हडपसरकर: आणि बाहेरून गोळ्या घेणारे?

बिलवही: ते सुटणारच. जन औषधी केंद्रातून घेणारे, फक्त पथ्यावर असलेले, कोणीच बिलात दिसत नाहीत. म्हणून आकडा 'उपचार घेणारे रुग्ण' असाच लिहा. टक्केवारी काढताना छेदात वर्षात एकदा तरी ओपीडीला आलेले घ्या, हडपसरची लोकसंख्या नाही.

कोथरूडची डॉक्टर: पडताळणी टाळू नका. नियमात बसलेले १०० आणि न बसलेले १०० केसपेपर चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून वाचा. मधुमेहासाठी एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.५ टक्के किंवा उपाशीपोटी साखर १२६ आणि त्यावर, पण जुने रिपोर्टही काढा, कारण औषधावर साखर आटोक्यात असलेल्याचा आजचा रिपोर्ट नॉर्मल येतो. मुलाच्या क्रमांकावर आईच्या गोळ्या घेतल्याची बिलंही इथेच पकडली जातात. हे सगळं सुरू करायच्या आधी एथिक्स कमिटीची परवानगी घ्या, आणि विश्लेषणाच्या फाइलमधून नाव-मोबाइल काढून टाका.