पहिले लाकडी किट कोणते घ्यावे: तोफांचे जहाज की साधी बोट?

रंधा-कानस (सांगली)

लाकडी जहाजाच्या प्रतिकृतीचे पहिले किट घेताना खोक्यावरच्या चित्रावर भाळण्याची चाल आपल्याकडे फार आहे. माझे मत असे की तोफा आणि शिडे मोजण्याऐवजी नाळेचा (जहाजाच्या पुढच्या टोकाचा) आकार आणि बल्कहेडांमधले, म्हणजे सांगाड्याच्या आडव्या छेदफळ्यांमधले, अंतर पाहावे, कारण नवशिक्याचे जहाज फसते ते बहुधा पट्ट्या बसवताना, म्हणजे प्लँकिंगमध्ये. डोलकाठ्यांपर्यंत पोहोचण्याची वेळच येत नाही.

कारण साध्या भूमितीचे आहे. मध्यावरच्या बल्कहेडवर वरच्या कडेपासून तळाच्या कण्यापर्यंतचा घेर समजा ११० मिमी असेल, तर तेथे ५ मिमी रुंदीच्या २२ पट्ट्या बसतात. पण नाळेपाशी हाच घेर ६६ मिमी भरला, तर त्याच २२ पट्ट्यांना प्रत्येकी ३ मिमी जागा उरते. म्हणून प्रत्येक पट्टी पुढे निमुळती करत न्यावी लागते. सरळ पट्ट्या तशाच चिकटवत गेल्यास काही ओळींतच त्या नाळेपाशी वर चढू लागतात. आणि पट्टी जाडीच्या दिशेने वाकत असली, तरी रुंदीच्या दिशेने वाकायला राजी नसल्यामुळे, जबरदस्ती केली की तिची एक कड उचलली जाते. फुगीर नाळेवर हा त्रास सर्वांत जास्त. १७६५ साली पाण्यात उतरलेली आणि आज पोर्ट्समथला जतन केलेली ब्रिटिश युद्धनौका ‘व्हिक्टरी’ अशाच भरदार नाळेची आहे. तिची किट्स देखणी असतात, पण पहिल्यांदा तिच्या वाटेला जाऊ नये. टोकदार नाळेचे, एक-दोन डोलकाठ्यांचे जहाज घ्यावे, असे मी सुचवतो.

माहुलीकर (सातारा)

गणित मान्य, निष्कर्ष अमान्य. मोठ्या युद्धनौकांची बहुतेक किट्स दुहेरी प्लँकिंगची असतात. पहिला थर साधारण दीड मिमी जाडीच्या लाइमवुडचा. तो घासून, फटींत लांबी (पुट्टी) भरून एकसारखा करायचा, आणि त्यावर अर्धा ते एक मिमी जाडीचा अक्रोडाचा थर चढवायचा. पहिल्या थरात हात बसतो आणि तो कोणाला दिसतही नाही. याउलट एकेरी प्लँकिंगच्या लहान बोटीत प्रत्येक सांधा उघडा राहतो. शिवाय जहाज लहान झाले म्हणून लाकूड मऊ होत नाही. उलट तीच पट्टी अधिक आखूड वळणात बसवावी लागते. लहान म्हणजे सोपे, हा समज मला घातक वाटतो.

दुसरे असे की हे काम वर्ष-दोन वर्षे चालते. ज्या जहाजावर मन नाही, त्याच्यासाठी रोज रात्री जेवणानंतर कोण बसणार?

रंधा-कानस (सांगली)

लांबीने भोके बुजतात, वळण सुधारत नाही. पहिला थर खाली सपाट आणि वर फुगलेला असेल, तर वरचा पातळ थर ते सगळे दोष निमूटपणे दाखवतो. शिवाय त्याही पट्ट्या निमुळत्या कराव्या लागतातच. त्यापेक्षा बल्कहेडांच्या कडा आधीच तिरक्या घासून घ्याव्यात, बारीक पट्टी त्यांच्यावर टेकवून ती सगळीकडे लागते की नाही हे पाहावे आणि नाळेतल्या मोकळ्या जागेत बाल्साचे ठोकळे भरावेत. ‘मन बसलेले जहाज’ दुसऱ्या क्रमांकावर घेतल्याने काही बिघडत नाही.

तंबोरा (मिरज)

किट घ्यायचेच कशाला, हा माझा मूळ प्रश्न आहे. खेळण्यांवरचे मूळ आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. प्रमाणबद्ध प्रतिकृतींची किट्स त्याच वर्गात येतात. एवढा खर्च करून स्पेनहून लाकडाच्या पट्ट्या आणण्यापेक्षा आमच्या मिरजेत या. येथे सतारमेकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या तुणीचे लाकूड सुकवून, तासून सतारी आणि तंबोरे घडवत आली आहेत. तसल्या वाळलेल्या तुकड्यांतून पट्ट्या काढता येतील. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने मलबारी सागवानात बांधलेली, १८१७ साली पाण्यात उतरलेली युद्धनौका ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. जहाजाचे लाकूड आपले आणि हौशी मात्र परदेशी खोक्याच्या भरवशावर, हे मला पटत नाही. साताऱ्याच्या मंडळींनी तर कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातली गुराब, म्हणजे लढाऊ गलबत, करायला हवी.

कासची_पाकोळी (सातारा)

तंबोरा यांचा अभिमान समजतो, परंतु खऱ्या जहाजाला चांगले लाकूड प्रतिकृतीलाही चांगले असते असे नाही. १:६४ प्रमाणात सागाच्या पोतातली एक मिलिमीटरची रेघ प्रत्यक्षातल्या ६.४ सेंटिमीटरांच्या भेगेसारखी दिसते. म्हणून प्रतिकृतीसाठी बारीक, घट्ट कणाचे लाकूड शोधतात. तूण हलकी आणि तासायला सोयीची आहे, पण तिचाही कण तसा मोकळाच.

गुराबीचे म्हणाल, तर पुढे झुकलेली नाळ आणि दोन किंवा तीन डोलकाठ्या अशी वर्णने सापडतात. परंतु वर्णनावरून बल्कहेड कापता येत नाहीत, त्यासाठी ठिकठिकाणच्या छेदांचे आराखडे लागतात. ते नसताना केलेली गुराब सुंदर होईल, पण बरीचशी कल्पनेतली. नवशिक्याने आराखडा आणि प्लँकिंग दोन्ही एकाच वेळी अंगावर घेऊ नये.

मूळ प्रश्नावर माझे मत रंधा-कानस यांच्याही पुढे जाणारे आहे: सुरुवात जहाजाने न करता होडीने करावी. मॉडेल शिपवेज या किट कंपनीची १:२४ प्रमाणातली ग्रँड बँक्स डोरी पाहा. फळ्या मोजक्या, डोलकाठ्यांचा पसारा नाही, आणि काम बिघडले तरी वर्ष वाया जात नाही.

माहुलीकर (सातारा)

डोरी छान आहे, यात वाद नाही. मात्र तिच्या फळ्या लेझरने आकारातच कापून येतात आणि एकीची कड दुसरीवर चढवून बसवायच्या असतात. त्यातून फळी वाकवणे, तिरकी कड काढणे आणि धीर धरणे शिकता येते. परंतु ज्या निमुळतेपणावरून हा धागा सुरू झाला, तो हिशेब त्यात आधीच करून दिलेला असतो. डोरी उत्तम जमलेला माणूससुद्धा पाच मिमीच्या सरळ पट्ट्यांपुढे पुन्हा नवशिकाच ठरेल.

आयातशुल्काचा मुद्दा मात्र मला महत्त्वाचा वाटतो, आणि तो माझ्याच बाजूने जातो. एवढे शुल्क भरून शिकाऊ किट आणि मग पुन्हा तेवढेच भरून आवडीचे किट, हा दुहेरी भुर्दंड कोणी सोसावा? सराव करायचा तर वखारीतून आणलेल्या स्वस्त पट्ट्यांवर करावा. पुठ्ठ्याचे बल्कहेड कापून केवळ नाळेचा भाग उभारला तरी पुरतो. अंतिम किट एकदाच, मनाजोगते घ्यावे.

रंधा-कानस (सांगली)

पुठ्ठ्याची नाळ ही सूचना मी बिनतक्रार स्वीकारतो. फक्त पुठ्ठा फेव्हिकॉलने मऊ पडतो, म्हणून तीन मिमीचे प्लायवूड घ्यावे. आणि नाळेपाशी पट्टी मूळ रुंदीच्या निम्म्याखाली जाऊ लागली, तर ती आणखी निमुळती न करता तेथे दोन पट्ट्यांऐवजी एकच पुढे न्यावी. माहुलीकरांनी असा सराव दोन्ही बाजूंनी सारखा करून दाखवला, तर ‘व्हिक्टरी’बद्दलचा माझा आक्षेप मी त्यांच्यापुरता मागे घेईन.