सौरवाऱ्यातले कण एकमेकांना धडकतच नाहीत, मग ते एकत्र वाहतात कसे?

औंधकर:
सायन्स डेला आयुकात (पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था) मुलीला घेऊन गेलो होतो. तिथं आदित्य-एल१ या आपल्या सूर्य बघणाऱ्या यानाबद्दल सांगणारा पोरगा म्हणाला की पृथ्वीच्या आसपास सौरवाऱ्यात, म्हणजे सूर्याकडून सतत वाहत येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोतात, एका घन सेंटीमीटरला जेमतेम ५-१० प्रोटॉन असतात आणि एक प्रोटॉन दुसऱ्याला खऱ्या अर्थाने धडकेपर्यंत साधारण सूर्य ते पृथ्वी एवढं अंतर जातं. मागे ही गर्दी, पुढचं विचारायचं राहून गेलं, तेव्हापासून डोक्यात भुंगा. मी मेकॅनिकलवाला, फ्लुइड मेकॅनिक्स रडतखडत काढला पण एवढं आठवतंय की प्रेशर, टेंपरेचर, शॉकवेव्ह हे सगळं रेणू एकमेकांवर आपटतात म्हणून असतं. इथे आपटाआपटीच नाही तर हे येतं कुठून? आणि तापमान म्हणे १ लाख डिग्री, मग यान वितळत कसं नाही? गुगलवर एकतर पाचवीच्या पुस्तकातलं मिळतं नाहीतर थेट समीकरणं.

चहाबाज:
वितळण्याचं सोप्पं आहे हो. एकेक कण जबरी वेगात आहे पण कणच किती कमी! पृथ्वीपाशी ऊन चौरस मीटरला १३६० वॅटच्या आसपास, आणि सौरवारा जी ऊर्जा आणतो ती वॅटच्या हजाराव्या भागाहून कमी. यान तापतं ते उन्हाने. बाकीचं जाणकार सांगतील, मीपण वाचतोय.

अणुरेणू:
औंधकर, प्रश्न एकदम योग्य जागी आहे. आपटाआपटीचं काम तिथे दुसरं कोणीतरी करतं, ते म्हणजे चुंबकीय क्षेत्र आणि त्यातल्या लाटा.

हे सगळे विद्युतभारित कण, म्हणून ते चुंबकीय रेषेभोवती गोल फिरत पुढे सरकतात. पृथ्वीजवळ क्षेत्र फक्त ५ नॅनोटेस्लाच्या आसपास, म्हणजे आपल्या पायाखालच्या क्षेत्राच्या काही हजारपट कमी, तरी प्रोटॉनच्या त्या वर्तुळाची त्रिज्या भरते ८०-१०० किमी, पुण्याहून खोपोली गाठावी एवढी, आणि एक फेरी १०-१५ सेकंदात. आता १५ कोटी किमीच्या पसाऱ्यात हे १०० किमी म्हणजे काहीच नाही, त्यामुळे कण रेषेला बांधलेलाच राहतो, रेषेला आडवा कुठे पळू शकत नाही. शिवाय इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन दहाएक मीटरपेक्षा मोठ्या पट्ट्यात वेगळे व्हायला बघितले की विद्युत क्षेत्र त्यांना मागे खेचतं. म्हणून लांबून बघितलं तर सगळा लोंढा फ्लुइडसारखा वागतो, आणि क्षेत्रालाही सोबत ओढत नेतो. सूर्य फिरत असल्यामुळे त्या रेषांची चक्री होते, पृथ्वीपाशी ती साधारण ४५ अंशांनी कललेली असते.

शॉकवेव्हचं पण तसंच. पृथ्वीच्या अलीकडे ९० हजारेक किमीवर सौरवारा अडतो, तिथे चक्क बो शॉक, म्हणजे जहाजाच्या नाळेपुढे उठते तशी शॉकवेव्ह, आहे. ४०० किमी/सेकंदने आलेला लोंढा धपकन मंदावतो, तापतो, आणि हे टक्कर न होता. काही आयन (प्रोटॉनसारखे धनभारित कण) शॉकवरून मागे परतवले जातात, पुन्हा गोल फिरून आत येतात, त्यातूनच ती ऊर्जा विखुरते. जाडी म्हणाल तर आयनच्या वर्तुळाच्या आसपासची.

तापमान मात्र तुम्ही शिकलात तसं नाही, हे मान्यच करावं लागतं. एकच आकडा नसतो! रेषेच्या दिशेने वेगळं, आडवं वेगळं, प्रोटॉनचं वेगळं, हीलियमच्या केंद्रकांचं वेगळं, वेगवान वाऱ्यात तर हीलियम प्रोटॉनच्या चौपट वगैरे तापलेला असतो.

औंधकर:
भारी! पण रेषेच्या दिशेने वेगळं नि आडवं वेगळं, मग ते हाताबाहेर जात नाही का, थांबवतं कोण?

अणुरेणू:
खरी गंमत तिथेच आहे. सूर्यापासून दूर जाताना क्षेत्र कमी होतं तशी आडवी ऊर्जा घटते, रेषेच्या दिशेची मागे उरते. ती फार वाढली की रेषाच वळवळायला लागते, आगीचा बंब चालू असताना सोडून दिलेला पाइप कसा आपटत सुटतो तशी, नावच फायरहोज अस्थिरता. त्या लाटा कणांच्या दिशा बिघडवून तफावत कमी करतात. यानांचा वर्षानुवर्षांचा डेटा मांडला तर मोजमापं त्या मर्यादेच्या आत दाटून बसलेली दिसतात, पलीकडे फार थोडी. आदित्यवरच्या SWIS या सौरवाऱ्यातले आयन मोजणाऱ्या उपकरणाचे दोन सेन्सर एकमेकांना काटकोनातल्या प्रतलांत बघतात, ते दिशेदिशेचा फरक कळावा म्हणूनच.

खोडदची_वाट:
थोडी भर. तुमची शंका फार प्रतिष्ठित आहे बरं का. युजीन पार्कर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८ मधे फ्लुइडची समीकरणं वापरून ध्वनीपेक्षा वेगवान सौरवाऱ्याचं भाकीत केलं तेव्हा दोन्ही परीक्षकांनी पेपर नाकारला होता. संपादक होते आपले चंद्रशेखर, त्यांनाही निष्कर्ष पटला नव्हता पण गणितात चूक सापडेना म्हणून त्यांनी छापला. पुढे चेंबरलेन या दुसऱ्या शास्त्रज्ञाने १९६० मधे म्हटलं की तिथे टकरी नाहीत तर कण एकेकटे सुटून जातील, वारा कसला, पृथ्वीपाशी २० किमी/सेकंदची झुळूक. १९६२ ला नासाचं मरीनर-२ यान गेलं आणि शेकडो किमी/सेकंदचा वारा मोजून आलं, वाद मिटला.

आणि यानच लागतं असंही नाही. उटीची रेडिओ दुर्बीण, जी आपल्या पुणे विद्यापीठाच्या आवारातली एनसीआरए ही रेडिओ खगोलशास्त्राची संस्था चालवते, ती लांबच्या रेडिओ स्रोतांचं लुकलुकणं बघते. मधून जाणाऱ्या प्लाझ्मातल्या (म्हणजे या विद्युतभारित कणांच्या वायूतल्या) गाठींमुळे ते लुकलुकतात, त्यावरून वेग काढता येतो.

चहाबाज:
म्हणजे आता सगळं कळलंय म्हणायचं?

अणुरेणू:
छे हो. नुसतं पसरत गेला असता तर वारा जितका थंड व्हायला हवा तितका होत नाही, वाटेत कुणीतरी तापवतंय. लाटांचा खळबळाट मोठ्या मापाकडून छोट्या मापाकडे उतरत शेवटी उष्णता होतो इथपर्यंत बहुतेकांचं जमतं, पण शेवटच्या पायरीला प्रोटॉनला किती वाटा नि इलेक्ट्रॉनला किती यावर अजून हाणामारी आहे. नासाचं पार्कर यान (त्याच पार्करच्या नावाचं) डिसेंबर २०२४ मधे सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किमीवर जाऊन आलं ते मुख्यतः ह्याच भानगडीसाठी.