फक्त इम्पोर्टसाठी एडी कोड (बँकेचा ऑथराइज्ड डीलर कोड) कस्टम्सकडे रजिस्टर करावा लागतो का?

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. माझी प्रोप्रायटरशिप आहे पुण्यात, तैवानहून छोट्या सीएनसी मशीनचे स्पेअर पार्ट पहिल्यांदाच मागवतोय, एक्सपोर्ट काहीच नाही आणि पुढेही करायचा विचार नाही. डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालय) साइटवर ५०० रुपये भरून आयईसी (इम्पोर्ट-एक्सपोर्ट कोड) काढलाय, तो पॅन नंबरवरच आलाय आणि स्टेटस ॲक्टिव्ह दिसतंय, जीएसटी आहे, करंट अकाउंट आयईसीला जोडलंय, क्लास ३ डिजिटल सिग्नेचर माझ्याच नावाची आहे. म्हणजे तेवढं विचारू नका, झालंय सगळं.

अडलंय ते एडी कोडवर. बँकेतले साहेब म्हणतात की तो एक्सपोर्टवाल्यांना लागतो, तुम्हाला लेटर कशाला. आणि ज्या सीएचएशी (कस्टम्समधून माल सोडवणारा एजंट) बोललो तो म्हणतो आइसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवर, एडी कोड नसेल तर बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं कस्टम्सला द्यायचं डिक्लेरेशन) अडकू शकते. माल न्हावाशेव्याला येणार होता पण सप्लायर आता विमानानं पाठवायचं म्हणतोय, म्हणजे मुंबई विमानतळाचं सहार एअर कार्गो, पोर्टच बदललं. बिल ऑफ एंट्रीला उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोजचे ५००० आणि नंतर रोजचे १०,००० लागतात, त्यामुळे माल निघायच्या आधीच हे मिटवायचंय, एवढ्याशा मालाला तो भुर्दंड परवडणारच नाही.

ज्यांनी अलीकडे स्वतः इम्पोर्ट केलंय त्यांनी सांगा, ऐकीव नको. निव्वळ इम्पोर्टसाठी आइसगेटवर एडी कोड टाकावा लागला का, आणि लागला असेल तर सहारसाठी वेगळा टाकायचा की न्हावाशेव्याचा चालतो?