विषय: उत्तर: टॅक्स शिबिर – जाहिरातीतलं एक वाक्य

नमस्कार मंडळी,

शिबिराच्या जाहिरातीत 'उत्पन्न फार कमी असेल तर रिटर्न भरायची गरज नाही' असं छापलंय. ते कृपया काढा. कायद्याचं बंधन नसेलही, पण रिटर्न भरलं नाही तर चाइल्ड टॅक्स क्रेडिट (मुलांमागे मिळणारी करसवलत, कर लागत नसेल तर काही भाग रोख) हातात पडत नाही, आणि ज्यांना पैशांची खरी निकड आहे तेच राहून जातात.

२०२१ मध्ये इथे अमेरिकेत या क्रेडिटचे जुलै ते डिसेंबर सहा वर्षांखालच्या मुलामागे दरमहा ३०० डॉलर आणि त्याहून मोठ्या मुलामागे २५० डॉलरपर्यंत थेट खात्यात यायचे, कमाईची अट नव्हती. आमच्या शेजारच्या बाई नर्सिंग होममध्ये साफसफाई करतात. त्यांनी त्यातून तुंबलेलं विजेचं बिल फेडलं, धाकट्याला बर्फातले बूट घेतले. जानेवारीत पैसे थांबले आणि त्या परत फूड पँट्रीच्या रांगेत. जनगणना खात्याच्या पूरक मोजमापानुसार (यात सरकारी मदत आणि क्रेडिटही धरतात) मुलांमधली गरिबी २०२१ मध्ये ५.२ टक्के होती, २०२२ मध्ये १२.४ टक्के. महागाईचाही हात होता, पण क्रेडिट आटणं हे मोठं कारण.

– अ. ग.

*

काका, वाक्य काढते. पण दरमहा आयते पैसे आले की लोक काम सोडतील, असं नाही वाटत तुम्हाला?

– सु. प.

*

सु.,

शंका रास्त आहे. पण त्या सहा महिन्यांत पालकांनी मोठ्या संख्येने नोकऱ्या सोडल्याचं दिसलं नाही. उलट आजचा नियम बघ. कर लागत नसेल तर २,५०० डॉलरच्या वरच्या कमाईचे १५ टक्केच परत मिळतात. वर्षाला १०,५०० कमावणाऱ्या, दोन मुलांच्या आईला १,२०० डॉलर. एक मूल सहाच्या आतलं असतं, तर २०२१ च्या नियमाने तिला ६,६०० मिळाले असते. जितकी गरिबी जास्त तितकी मदत कमी, हे मला पटत नाही. (ईआयटीसी, म्हणजे कमी कमाईच्या नोकरदारांना मिळणारं क्रेडिट, वेगळं; तेही रिटर्न भरल्याशिवाय नाही.)

एच-फोर व्हिसावरच्या (नवरा किंवा बायको एच-वनवर नोकरीला असणाऱ्या) मैत्रिणींना एवढं नक्की कळव: २०२५ च्या रिटर्नपासून चाइल्ड टॅक्स क्रेडिटसाठी मुलाचा आणि आईवडिलांपैकी किमान एकाचा, नोकरीला चालणारा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. ईआयटीसीला मात्र नवरा-बायको दोघांचाही हवा, आयटिन (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांना मिळणारा कर क्रमांक) चालत नाही. मुलांची सोशल सिक्युरिटी कार्डं सोबत आणायला सांग.

– अ. ग.